शेवटचा डबा

शुक्रवारी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं, की ह्या वीकेंडला लॅपटॉप उघडायचा नाही. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत बस नाशिक रोडला पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. बाबा स्कूटर घेऊन उभे होतेच. "कितीदा सांगितलं, रिक्षाने येईन" हे माझं आणि "मला कुठे झोप येते" हे त्यांचं, अशी दोन ठरलेली वाक्यं बोलून झाली आणि आम्ही एकलहऱ्याच्या रस्त्याला लागलो. इथे घराच्या आधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात. ते दिसले की प्रवासात आखडलेली पाठ आपोआप सैल होते, हा लहानपणापासूनचा अनुभव. ह्या वेळी नाही झाली. हापिसातला एक घोळ डोक्यात बसला होता. गंमत म्हणजे घोळ निस्तरून झाला होता, तरी बसला होता.

मंडळी, आज थोडं टेक्निकल लिहिणार आहे. ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांनी घाबरू नये, पुढे रेल्वे येते. :)

तर झालं असं. आमची कंपनी कारखान्यांसाठी एक छोटं यंत्र बनवते. हे यंत्र कारखान्यातल्या विजेच्या मीटरना आळीपाळीने विचारतं, "बाबा रे, तुझं रीडिंग काय?" मीटरने दिलेलं उत्तर ते एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीच्या ६४ बाइटच्या तुकड्यात ठेवतं, त्यातले आकडे उचलून सर्व्हरला पाठवतं, बफर पुसतं आणि पुढच्या मीटरकडे वळतं. शाळेतल्या फळ्यासारखं. एका तासाचं पुसायचं, मग दुसऱ्या तासाचं लिहायचं.

फळा पुसणारी ओळ आमच्या ज्युनियरने लिहिली होती. आणि ती ६४ पैकी फक्त पहिले ४ बाइट पुसत होती.

हापिसात टेबलावर चाचणी घेतली तेव्हा सगळे मीटर एकाच मॉडेलचे होते. सगळ्यांची उत्तरं सारख्या लांबीची, त्यामुळे नवं उत्तर जुन्यावर तंतोतंत बसायचं. पुसलं काय नि न पुसलं काय, सारखंच. पण ज्या कारखान्यात हे यंत्र बसलं तिथे नवे आणि जुने मीटर मिसळलेले. जुना मीटर त्रोटक उत्तर द्यायचा, त्याच्या मागे आधीच्या मीटरच्या उत्तराचं शेपूट तसंच राहायचं, आणि आमचं यंत्र ते शेपूटही ह्याचंच समजून वर पाठवायचं. दिवसा सगळीकडे काम चालू असल्याने कुणाला कळलं नाही. रात्री मात्र शेजारची भट्टी चालू आणि हा शॉप बंद. तरी रिपोर्टमध्ये शॉपने भरपूर वीज खाल्लेली! तिथे रात्री मेंटेनन्सची तीन-चार माणसं असायची. त्यांना मॅनेजरने बोलावून झापलं, कंप्रेसर चालू ठेवून झोपता का म्हणून. हे पंधरा दिवस चाललं.

शेवटी चूक सापडली, दुरुस्त झाली, नवं सॉफ्टवेअर गेलं. मग मीटिंग. त्या मीटिंगमध्ये अस्मादिकांनी अत्यंत शांत आवाजात सांगितलं, "सी-मधली बेसिक चूक आहे. फर्स्ट इयरला शिकवतात." ज्युनियर मान खाली घालून बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत वहीत बघायला लागला. घोळ डोक्यात बसला तो तिथून.

आता ती बेसिक चूक. ॲरे म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूंची सलग रांग. पॉइंटर म्हणजे पत्ता, मेमरीतली जागा कुठे आहे ते सांगणारा. रांग वेगळी आणि रांग कुठे सुरू होते त्याचा पत्ता वेगळा, हे कुणीही मान्य करेल. पण सी भाषेत तुम्ही ॲरे एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे दिलात, की भाषा गुपचूप रांगेऐवजी तिच्या पहिल्या वस्तूचा पत्ता हातात ठेवते. ना कुणी विचारत, ना कुणी सांगत. इंग्रजीत ह्याला 'डिके' म्हणतात, म्हणजे क्षय. नाव अगदी चपखल आहे. पलीकडच्या फंक्शनला रांग कुठे सुरू होते ते कळतं, कुठे संपते ते कळत नाही.

कहर पुढेच आहे. फंक्शनच्या पहिल्या ओळीत तुम्ही बफरच्या नावापुढे कंसात ६४ लिहू शकता. वाचणाऱ्या माणसाला वाटतं, वा, ६४ बाइटचा ॲरे आला. कंपायलर मात्र तो आकडा सोडून देतो आणि नुसता पत्ता धरतो. आत जाऊन 'साईझऑफ'ने लांबी विचारलीत तर उत्तर मिळतं ते पत्त्याच्या लांबीचं. आमच्या ३२ बिटी चिपवर ४, तुमच्या लॅपटॉपवर ८. ज्युनियरने लिहिलं होतं, "जेवढा बफर तेवढा पूस." भाषेने त्याचा अर्थ घेतला, "जेवढा पत्ता तेवढं पूस."

मी स्वतः तरी हे फर्स्ट इयरला शिकलो होतो का? शनिवारी सकाळी अंगणात चहा पिताना हा प्रश्न पडला, आणि प्रामाणिक उत्तर आठवलं तसा चहा गार झाला.

मी इंजिनिअरिंगला गेलो २०१४ साली. तेव्हाही लॅबमध्ये टर्बो सी-चा तो निळा पडदाच होता. पुस्तक अर्थातच 'लेट अस सी'. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी महाराष्ट्रातल्याच काय, देशभरातल्या पोरांना सी शिकवलं. पॉइंटरवर तर त्यांचं एक अख्खं वेगळं पुस्तक आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक कोण वाचतो? आमच्याकडे सिनियरच्या नोट्सची झेरॉक्स असायची आणि त्यात एक मंत्र होता, "ॲरे म्हणजेच पॉइंटर." मंत्र अर्धा खरा असल्यामुळे भलताच चालायचा. ॲरेच्या नावाने पॉइंटरसारखं काम होतं, पॉइंटरला ॲरेसारखा कंस लावता येतो. दोन मार्क पक्के.

एकदा लॅबमध्ये मी दहा इंटचा ॲरे फंक्शनला दिला आणि आत त्याचा साईझ छापला. टर्बो सी-त इंट २ बाइटचा, म्हणजे २० यायला हवे होते. आले २. सरांना विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या एलिमेंटचा साईझ येतो रे तो." पटलं! कारण इंट २ बाइटचाच होता. पण त्या कंपायलरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये पॉइंटरही २ बाइटचा होता, आणि छापला गेला तो पॉइंटरचा साईझ. चुकीचं कारण आणि बरोबर आकडा अशी जोडी जमली, की माणूस पुढे काही विचारत नाही. मी तर पुढची चार-पाच वर्षं विचारलं नाही. नोकरीत एकदा स्वतः खड्ड्यात पडलो तेव्हा कळलं.

मग भाषा बनवणाऱ्यांनी असं का केलं असेल? ह्याची कथा मला फार आवडते. सी-च्या आधी १९६७ च्या सुमारास मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल होती, तिच्यावरून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी 'बी' बनवली. बी-मध्ये ॲरे जाहीर केला की दोन गोष्टी तयार व्हायच्या. एक खरीखुरी रांग आणि एक वेगळा कप्पा, ज्यात रांगेचा पत्ता ठेवलेला. ॲरेचं नाव म्हणजे तो कप्पा. डेनिस रिची यांनी १९७२ च्या आसपास बी-ची सी केली तेव्हा त्यांना एक अडचण आली. युनिक्समध्ये डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद म्हणजे २ बाइटचा आयनोड क्रमांक आणि त्याला चिकटून १४ अक्षरांचं फाईलचं नाव. एकूण १६ बाइट, डिस्कवर जसे तसेच मेमरीत. आता ह्यात पत्त्याचा कप्पा कोंबायचा कुठे? रिचींनी तोडगा काढला, की कप्पा ठेवायचाच नाही. ॲरेचं नाव वापरलं की पत्ता तिथल्या तिथे तयार करायचा. जागा वाचली, बी-मधला बराचसा जुना कोडही तसाच चालत राहिला. १९९३ साली लिहिलेल्या सी-च्या इतिहासात त्यांनी हे सगळं सांगितलंय.

त्या काळच्या मशिनची मेमरी पाहता हा तोडगा हुशारीचाच म्हणायला हवा. आणि दुसरं टोकही काही फार सुखाचं नव्हतं. निकलाउस विर्थ यांच्या पास्कलमध्ये ॲरेची लांबी हा त्याच्या प्रकाराचाच भाग होता, म्हणजे दहाच्या रांगेसाठी लिहिलेलं फंक्शन वीसच्या रांगेला हात लावायचं नाही. १९८१ साली ब्रायन कर्निहॅन यांनी पास्कलवर जी प्रसिद्ध टीका लिहिली, तिच्यात ही तक्रार पहिल्या रांगेत होती.

पण सी-च्या सोयीची किंमत पुढच्यांनी मोजली. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म इंटरनेटवर सुटला. त्याची शिरकाव करायची एक वाट म्हणजे 'फिंगर' सेवेतला ५१२ बाइटचा बफर. तिथे 'गेट्स' नावाचं फंक्शन वापरलेलं. ह्या फंक्शनला बफरचा पत्ता मिळतो, लांबी सांगायची सोयच नाही. येईल तेवढं भरत राहायचं, बफर संपला तरी. सी-च्या मानकातून हे फंक्शन जायला २०११ साल उजाडलं. २००९ साली डी भाषेचे जनक वॉल्टर ब्राइट यांनी लेख लिहून ॲरेचा असा पॉइंटर होणं हीच सी-ची सगळ्यात मोठी चूक असं सांगितलं. २०१५ साली लिनक्सच्या कोडमध्ये थेट आमच्यासारखीच साईझऑफची गफलत निघाली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यांच्या खास शैलीत सगळ्यांची हजेरी घेतली. म्हणजे आमचा ज्युनियर भल्याभल्यांच्या पंगतीत बसला होता. हे मी मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आता रेल्वे. :)

बाबांची उभी नोकरी इथल्या वीज केंद्राच्या कोळसा विभागात गेली. २००५ साली एमएसईबीच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी बाबा आजही 'बोर्ड'च म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे पहिले दोन संच आता निवृत्त झालेत, बाबांसारखेच. नंतर आलेले २१० मेगावॅटचे तीन संच उरलेत. त्यांना लागणारा कोळसा मालगाडीने येतो. मी लहान असताना बाबांबरोबर सायडिंगजवळ उभा राहून वाघिणी मोजायचो. अठ्ठावन्न-एकोणसाठ भरायच्या. मधेच चुकायचो, मग बाबा म्हणायचे, "आकडा राहू दे, शेवटच्या डब्यामागची पाटी बघितलीस का?"

शनिवारी संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरायला गेलो असताना बाबांनी विचारलं, "कालपासून गप्प का आहेस?" मी टाळायला म्हटलं, "पॉइंटरचा प्रॉब्लेम आहे, तुम्हाला नाही कळायचं." ते म्हणाले, "सांगून तर बघ." मग सगळं सांगितलं. रांग, पत्ता, लांबी हरवणं. बाबा ऐकत ऐकत चालत होते. मग थांबून म्हणाले, "म्हणजे इंजिन दिसलं की गाडी आली असं धरता होय तुम्ही लोक?"

मी हसलो, पण ते हसत नव्हते. त्यांनी समजावलं. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे 'एलव्ही' अशी पाटी असते, म्हणजे लास्ट व्हेईकल, आणि रात्री लाल दिवा. गाडी गेली की स्टेशनातला माणूस डबे मोजत बसत नाही, तो ती पाटी बघतो. पाटी दिसली तर गाडी अख्खी गेली. नाही दिसली, तर कपलिंग तुटून अर्धी गाडी मागे कुठेतरी उभी असू शकते, आणि त्या मार्गावर दुसरी गाडी सोडायची नाही. इंजिनाकडे बघून हे कधीच कळत नाही. तुटलेल्या गाडीचं इंजिनही ऐटीत शिट्टी वाजवत जातं.

मला एकदम सगळं दिसलं. सी-मध्ये शब्द साठवताना शेवटी एक शून्य ठेवतात, ती ही एलव्हीची पाटी. ती पडली तर वाचणारा पुढच्या शेतात शिरतो. आणि गो, रस्ट ह्या नव्या भाषांमध्ये, सी++ मध्ये २०२० पासून 'स्पॅन'मध्येही, पत्त्याबरोबर लांबी जोडूनच दिली जाते. इंजिन आणि सोबत वाघिणींचा आकडा. रचना एवढीच, पण हरवलेली गोष्ट परत मिळते.

"आणि त्या पोराला कोणी सांगितलं होतं की गाडी पूर्ण आहे म्हणून?" बाबांनी विचारलं. "कोणी नाही," मी म्हटलं. मग वाटलं, खरंच कोणी नाही?

घरी येऊन लॅपटॉप उघडला. (हो, ठरवलं होतं. माहितीये.) आमच्याकडे कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली ते बघता येतं. पुसायची ओळ ज्युनियरची होती, ह्याच वर्षीची. फंक्शनची पहिली ओळ, जिच्यात बफरपुढे कंसात ६४ लिहिलंय, ती तीन वर्षांपूर्वीची. माझी. शेजारी मीच लिहिलेली नोंद, "वाचायला सोपं पडावं म्हणून." कंपायलर तो आकडा मानत नाही हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं. मी तो माणसांसाठी लिहिला, आणि एका माणसाने त्यावर विश्वास ठेवला.

अजून एक आठवलं. ते जास्त लागलं. नेमक्या ह्याच चुकीबद्दल कंपायलर न मागता इशारा देतो. आम्हालाही देत होता. फक्त तो चारशेच्या वर जुन्या इशाऱ्यांच्या गर्दीत होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ज्युनियरने मला विचारलं होतं, "दादा, ह्या एवढ्या वॉर्निंग येतात, बघायच्या का?" मी हेडफोन न काढता म्हटलं होतं, "त्या नेहमीच्याच आहेत. सोड." पुढे त्याचा कोड तपासून पास करणाराही मीच.

रात्री जेवताना बाबांना हे सांगितलं. आई म्हणाली, "अरे, सापडली ना चूक, झालं तर." बाबा काही बोलले नाहीत. भात कालवताना मग म्हणाले, "शिफ्ट संपली की आम्ही रजिस्टरमध्ये चार्ज लिहून द्यायचो. काय चालू, काय बंद, काय अर्धवट. एकदा घाईत मी एका बेल्टचं अर्धवट काम लिहिलं नाही. पुढच्या शिफ्टला बेल्ट अडकला आणि मेमो मिळाला तो पुढच्या शिफ्टवाल्याला. रात्रपाळी होती त्याची."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबांना सांगितलं. मेमो माझ्या नावावर झाला." थोडं थांबून म्हणाले, "तीन दिवस लागले मला जायला. दुसऱ्या दिवशी नाही गेलो." एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आईनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तिने वाढायचं थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

आज रविवार. दुपारी दोन मेल लिहिले. पहिला मीटिंगला होते त्या सगळ्यांना. त्यात कंसातल्या आकड्याची ओळ कुणाची, वॉर्निंग बघू नको कुणी सांगितलं, कोड पास कुणी केला, हे तारखांसकट लिहिलं. ह्यापुढे बफर देताना लांबीही द्यायची आणि वॉर्निंग राहिली तर बिल्ड पुढे जाऊ द्यायचा नाही, असंही सुचवलं. दुसरा मेल कस्टमर सपोर्टला. त्या कारखान्याला स्पष्ट कळवा, की पंधरा दिवसांचे रात्रीचे आकडे आमच्या चुकीने वाढलेले होते, रात्रपाळीच्या माणसांचा काही दोष नव्हता. आम्ही आधी पाठवलेल्या पत्रात नुसतं "सॉफ्टवेअर अद्ययावत केले आहे" असं होतं. वाक्य खोटं नाही, पण शेवटचा डबा त्यातून गळला होता.

बॉसचं उत्तर अजून नाही. उद्या काय होईल ते होईल. ज्युनियरचा मात्र तासाभरात व्हॉट्सॲपवर मेसेज आला. मला वाटलं थँक्यू वगैरे असेल. मेसेज होता, "दादा, वॉर्निंग बघत बसलोय. चारशे अकरा आहेत. त्यातल्या आणखी दोन ह्याच प्रकारच्या निघाल्या. एक माझी, एक तुमची."

असो. संध्याकाळची बस आहे, आईने डब्यात थालीपीठं भरलीत, आणि बाबा स्कूटर बाहेर काढून उभे आहेत. रिक्षाने जाईन म्हणालो होतो.